गावापुढे कागद कसा मांडावा

लिहा-वाचायला शिकलेला मोठा माणूस पहिला कागद कोणता लिहितो? आम्ही अडतीस वर्षे मास्तरकी केली. संध्याकाळी प्रौढांचे वर्गही घेतले. आमचा अनुभव असा, की पहिली सही बँकेत होते आणि पहिला कागद तक्रारीचा असतो. नळाला पाणी नाही. रस्त्यावर दिवा नाही. रेशनला धान्य कमी आले. हे योग्यच आहे. ज्याचे पोट दुखेल त्यानेच ओवा मागायचा.

पण घरच्या माणसाला पत्र लिहिणे निराळे आणि गावापुढे कागद मांडणे निराळे. पुण्या-मुंबईला असलेल्या मुलाला पत्र लिहिले, तर तो आपला असतो. चुकले-माकले समजून घेतो. गावापुढचा कागद सगळे ऐकतात. त्यांत आपले असतात, परके असतात. ज्याच्याबद्दल लिहिले तोही समोर मांडी घालून बसलेला असतो. आपण एक शब्द वावगा लिहिला, तर लोक तेवढाच शब्द धरून ठेवतात. कामाची गोष्ट बाजूला राहते. हे आम्ही दुसऱ्याचे पाहून सांगत नाही. आमचेच तसे झाले होते.

ते सांगण्याआधी ग्रामसभेविषयी थोडे सांगू. आपल्या राज्यात गावापुढे कागद मांडायची हक्काची जागा म्हणजे ग्रामसभा. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात ती सांगितली आहे. १९९३ साली घटनेतही तिला जागा मिळाली. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे, तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद. बाई असो, बाप्या असो, जमीनवाला असो की मजूर. वर्षातून निदान चार सभा व्हायला हव्यात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी किंवा त्याच्या आसपास भरतात. एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसे, यांत जी संख्या कमी असेल तेवढी माणसे हजर लागतात. सभेच्या आधी बायकांची वेगळी सभा व्हायची असते. पुष्कळ गावांत ती कागदावरच होते, ही गोष्ट वेगळी!

आता आमची फजिती ऐका.

साल २०१८. आमच्या शाळेच्या गावात एक वस्ती टेकावर आहे. लोक तिला टेकच म्हणतात. घरे २२. तिथल्या चार मुली शाळेत दोन दिवस येत आणि तिसऱ्या दिवशी गैरहजर राहत. हजेरीपटावर अशी ओळच लागली होती. दोन हजर, एक गैरहजर. पुन्हा दोन हजर, एक गैरहजर. आम्ही चौकशी केली. टेकावर तिसऱ्या दिवशी नळ येई, तो जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे. त्या दिवशी घरातली सगळी माणसे नळकोंडाळ्यावर उभी. नळ गेला की उरलेले हंडे घेऊन खालच्या विहिरीवर. पोरी त्यात. मग शाळा कसली?

आम्हांला राग आला. मुख्याध्यापक म्हणून लेखणी चालवायची सवय होती. रात्री बसून आम्ही चार पानी अर्ज लिहिला. त्यात पाणी घातले, टेकाचा रस्ता घातला, खांबावरचा दिवा घातला, रेशन दुकानाची वेळ घातली. मोठमोठे शब्द घातले. ‘घोर अन्याय’ लिहिले, ‘अक्षम्य दुर्लक्ष’ लिहिले. पाणी सोडणाऱ्या शिपायाला तर ‘पाणीचोर’ म्हटले. ‘सर्व गावाला ठाऊक आहे की’ असेही लिहिले. ठाऊक कुणालाच नव्हते. आणि शेवटी लिहिले, ‘तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.’

२६ जानेवारीच्या सभेत ग्रामसेवक अर्ज वाचू लागले. पहिले पान संपेपर्यंत लोक गप्प होते. ‘पाणीचोर’ हा शब्द आला आणि शिपायाचा भाऊ उठला. दुसऱ्या पानावर रस्ता आला. रस्ता कोणाच्या बांधावरून जातो, यावर दोन भावकीत जुने भांडण होते. ते तिथे उकरून निघाले. तिसरे पान वाचायचे राहिलेच. दुपार झाली, सभा उठली. पाण्याचा ठराव झाला नाही. प्रोसिडिंगमध्ये एक ओळ आली, ‘अर्जावर चर्चा झाली.’

आता शांतपणे पाहिले तर त्या अर्जात काय चुकले ते दिसते. ‘योग्य ती कार्यवाही’ हे शब्द आपल्याकडे अर्जाला मिठासारखे घालतात. पण योग्य ती म्हणजे कोणती? ते आम्हांलाही सांगता आले नसते. आपल्यालाच जे ठाऊक नाही ते सरपंचांनी कुठून शोधायचे? आणि एका कागदात चार गाऱ्हाणी घातली, की लोक त्यांतले भांडणाचे तेवढे उचलतात. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाबाबत राज्य सरकारने २०१२ साली नियमच केला, की एका अर्जात एकच विषय असावा आणि तो साधारण १५० शब्दांत असावा. त्या नियमावर पुष्कळांनी टीका केली. आम्हांलाही वाटते की गरिबाला शब्द मोजायला लावू नये. पण एका कागदात एक विषय, हे मात्र सोयीचे आहे. दुसरे गाऱ्हाणे असेल तर दुसरा कागद घ्यावा. कागद काही महाग नाही.

टेकावरची एक वहिनी रात्रीच्या वर्गाला येत असे. दोन वर्षांपूर्वी तिला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते. सभेनंतर आठ दिवसांनी ती म्हणाली, “गुरुजी, राग येणार नसला तर एक विचारू? तुमच्या कागदात आमचं पाणी कुठं होतं?”

राग आला, पण गिळला. खरेच होते. अर्जात अन्याय होता, पाणी नव्हते. किती येते, किती वेळ येते, किती माणसांना येते, यातले काहीच आम्ही लिहिले नव्हते.

मग तिने आणि टेकावरच्या बायकांनी मोजायचे ठरवले. आधी हंडा मोजला. दुधाच्या मापाने भरला, तर पंधरा लिटर भरला. मग एक वही केली. नळ आला की घड्याळ पाहायचे आणि किती हंडे भरले ते लिहायचे. ज्या बाईला लिहिता येत नव्हते ती कोळशाने भिंतीवर रेघा मारी. १ ते १५ एप्रिल असे पंधरा दिवस हे चालले. नंतर वहिनीने कागद लिहिला. शुद्धलेखन आम्ही सुधारले, बाकी हात लावला नाही. तो असा :

“मा. अध्यक्ष, ग्रामसभा, यांस.
विषय : टेकावरच्या नळाचे पाणी.
टेकावर २२ घरे आहेत. माणसे १०४. नळकोंडाळे एक आहे. पाणी तिसऱ्या दिवशी येते. आम्ही १ एप्रिल ते १५ एप्रिल मोजले. पाच वेळा पाणी आले. एका वेळी २० ते २५ मिनिटे आले. सगळ्यांचे मिळून कधी ६२ हंडे भरले, कधी ७० भरले. हंडा १५ लिटरचा आहे. बाकीचे पाणी खालच्या विहिरीवरून आणतो. नळाच्या दिवशी चार घरच्या मुलींची शाळा बुडते. हजेरी गुरुजींकडे आहे.
पाणी सगळीकडे एकदम सोडतात म्हणून ते टेकावर चढत नाही, असे आम्हांला वाटते. खात्री नाही. पाणी सोडणाऱ्या भाऊंनी सांगावे.
मागणी एकच आहे. पाणी सोडताना पहिला एक तास फक्त टेकाकडे सोडावे. एक महिना करून पाहावे. आम्ही हंडे मोजून पुढच्या सभेत सांगू.
सोबत २२ घरांच्या सह्या व अंगठे.”

संपला कागद. यात एकही मोठा शब्द नाही. पण हिशेब करून पाहा. सरासरी ६६ हंडे धरले तर ९९० लिटर झाले. ते तीन दिवसांचे. म्हणजे दिवसाला ३३० लिटर. माणसे १०४. माणशी तीन लिटरच्या थोडे वर! प्यायचे, स्वयंपाकाचे, भांड्यांचे सगळे त्यात. हा हिशेब सभेत एका तरुण पोराने मोबाइलवर केला आणि मोठ्याने सांगितला. सभा गप्प झाली. ‘घोर अन्याय’ हे शब्द तिथे कुणी उच्चारले नाहीत. त्यांची गरजच पडली नाही. पुढे २०१९ साली जल जीवन मिशन आले. त्यात माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी देण्याचे ठरले. पाण्याविषयी कागद लिहिणाराने हा ५५ चा आकडा आता जवळ ठेवावा. शेजारी आपला आकडा लिहावा. दोन्हींतला फरक वाचणाराला आपोआप दिसतो.

कागद सभेत जाण्यापूर्वी वहिनीने आणखी एक गोष्ट केली. तो तिने आधी बायकांच्या सभेत वाचून दाखवला आणि मुद्दाम वरच्या आळीतल्या एका सासूबाईंना विचारले, “मावशी, यात तुम्हांला काही खुपतं का?” त्या वाड्यात चोवीस तास पाणी. मावशी म्हणाल्या, “आधी लिहिलं होतंस ना, वाड्यावाले मोटर लावतात म्हणून, ते काढ. तू बघितलंस का?” तिने पाहिले नव्हते, ऐकले होते. तिने ती ओळ काढली. आपला कागद आपल्याच माणसाला वाचून दाखवला, तर तो वाहवा करतो. ज्याला तो बोचेल त्याला आधी दाखवावा. याला थोडे धाडस लागते खरे.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचे गोंड लोकांचे गाव आहे. तिथे अभ्यासगट बसतात. विषयाची माहिती काढायची, बोलायचे, वाद घालायचा, पण निर्णय तिथे करायचा नाही. निर्णय ग्रामसभेत आणि तोही सगळ्यांच्या सहमतीने. या रीतीने चालणाऱ्या त्या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आपल्या गावात अभ्यासगट नसेल. पण पारावर चार माणसांना कागद वाचून दाखवायला कोण अडवतो?

१ मेची सभा आली. त्या दिवशी सकाळी शाळेत निकाल वाटून आम्ही सभेला गेलो. कागद वाचून झाला. ‘पाणी सोडणाऱ्या भाऊंनी सांगावे’ असे त्यात होते, म्हणून सगळे शिपायाकडे पाहू लागले. तो उठला. म्हणाला, “टेकाला एकटं सोडायचं म्हटलं तर खालच्या आळीची चावी बंद व्हायला पाहिजे. ती पुरती बसतच नाही. झिजलीया. म्या दोन वेळा तोंडी सांगितलंय.” चावी म्हणजे पाइपावरचा व्हॉल्व्ह. जिथे टेकाच्या लाईनला फाटा फुटतो, तिथली ती चावी.

सरपंचांनी विचारले, “मग जानेवारीत का बोलला नाहीस?”

तो म्हणाला, “तवा मला चोर म्हटलं होतं. चोरानं काय बोलायचं?”

आम्ही खाली मान घातली. गावात पाण्याची खरी गोष्ट ठाऊक असलेला तो एकच माणूस होता आणि आम्ही त्याचेच तोंड बंद केले होते. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन आम्ही त्याची माफी मागितली. त्याच्या बायकोने चहा दिला, पण ती एक शब्द बोलली नाही. सभेत ऐकलेला शब्द घरी माफी मागून पुसला जात नाही, हे आम्हांला तेव्हा कळले.

खालच्या आळीतला एक गृहस्थ सभेत तावातावाने म्हणाला, “म्हणजे आमचं पाणी तोडणार काय?” अशा वेळी काय करावे? टेकावरचे दोन तरुण बाह्या सरसावत होते. वहिनी पदर सावरून एवढेच म्हणाली, “दादा, महिनाभर तुम्ही पण मोजा. तुमचं कमी झालं तर आम्ही मागणी सोडू.” त्या गृहस्थाला मोजायचे नव्हते. तो खाली बसला. कागदावर कुणी आडवे बोलले, तर त्याच्या बोलण्यात कामाचे किती आहे ते पाहावे. त्याला पाण्याची भीती होती, तेवढ्यालाच उत्तर दिले. बाकीचे कानाआड टाकले.

ठराव झाला. नवी चावी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बसली. १५ ऑगस्टच्या सभेत वहिनीने बोलल्याप्रमाणे वही वाचली. एका वेळी १९० हंडे. म्हणजे माणशी दिवसाला नऊ लिटर. हे पुरेसे नव्हतेच. पण तिप्पट झाले. जुलैच्या हजेरीपटावर तीन मुली रोज हजर होत्या. चौथीला उन्हाळ्यातच मामाकडे पाठवले होते. ती परत शाळेत आली नाही. आमचा जानेवारीचा कागद नीट असता तर ती थांबली असती का, हे कोण सांगणार? आम्हांला मात्र ते अधूनमधून आठवते.

पुढे पावसाने दगा दिला. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. आमचा तालुका त्यात होता. विहिरीच आटल्या, तिथे चावी काय करणार? टँकर मागायची वेळ आली. तेव्हा तीच वही कामी आली. घरे किती, माणसे किती, हंडे किती, सगळे लिहिलेले होते. अर्ज अर्ध्या तासात झाला.

आता तुम्ही म्हणाल, ही साध्या बाईची गोष्ट झाली, मोठी माणसे असा कागद लिहितात काय? लिहितात. १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाची चौकशी करायला हंटर साहेबांचे कमिशन नेमले होते. महात्मा जोतीराव फुले यांनी त्यापुढे लेखी निवेदन दिले. त्यांनी आरंभीच सांगितले, की आपला शिक्षणाचा अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे. केवढी मोठी गोष्ट! एवढा अधिकारी माणूस, पण जेवढे पाहिले तेवढ्याचीच ग्वाही देतो. मग त्यांनी दाखवले, की शेतसारा भरतो शेतकरी, आणि तो पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो. आणि मागणी नेमकी केली. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे. शाळेत मोडी आणि बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, शेती, आरोग्य यांचे शिक्षण द्यावे. शिक्षकांना पगार किती असावा, तेही त्यांनी सांगितले. आम्ही मास्तर असल्यामुळे ते विशेष लक्षात राहिले.

त्या मागणीचे पुढे काय झाले? सरकारने ती तेव्हा मानली नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा देशाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० ला लागू झाला. कागद आणि कायदा यांमध्ये १२८ वर्षे गेली. तेव्हा कागद चांगला लिहिला म्हणजे काम झालेच, असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या टेकाची चावी सहा आठवड्यांत बसली, यात शिपायाचा आणि सरपंचांचा भाग होता.

कागद दिल्यावर एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. ती म्हणजे पोच. कागदाच्या दोन प्रती कराव्यात. सभेची दवंडी किंवा नोटीस साधारण सात दिवस आधी निघते. ती निघायच्या आधीच कागद ग्रामपंचायतीत द्यावा, म्हणजे विषय यादीत येतो. आयत्या वेळी हातात कागद घेऊन उभे राहिले, तर ‘पुढच्या सभेत पाहू’ हे ठरलेले उत्तर मिळते. ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणत आलो, त्यांना २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. नाव बदलले तरी काम तेच. त्यांच्याकडून आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. कुणी म्हणेल, “ठेवा इथे, पोच कशाला? आपण घरचीच माणसं.” घरच्या माणसाकडूनही घ्यावी. सभा संपल्यावर प्रोसिडिंगमध्ये आपला ठराव कसा लिहिला आहे ते वाचायला मागावे. आता तुम्हांला वाचता येते. ‘चर्चा झाली’ एवढेच लिहिले असेल तर तिथल्या तिथे विचारावे, की ठरले काय, कोण करणार आणि कधीपर्यंत.

वहिनीने १ मेच्या सभेसाठी दिलेल्या कागदाची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे. गेल्या दिवाळीला आम्ही टेकावर गेलो, तेव्हा तिने ती काढून दाखवली. शिक्का पुसट झाला आहे, पण आवक क्रमांक वाचता येतो. खाली २२ घरांच्या खुणा आहेत. त्यांत नऊ सह्या आहेत आणि तेरा अंगठे. त्यांतल्या पाच अंगठ्यांच्या बायका पुढे वर्गाला येऊ लागल्या. प्रत दाखवता दाखवता वहिनीने आम्हांला नव्या वहीचे पहिले पान उघडून दिले. या खेपेला खांबावरच्या दिव्याचे होते. कोणत्या रात्री दिवा लागला आणि कोणत्या रात्री नाही, याची तारीखवार नोंद तिने सुरू केली होती.